बाविसाव्या ओळीपर्यंत

आत्याला पाणी घालताना कुणी पहिल्यांदाच बघितलं, तर त्याला वाटायचं ही बाई झाडांवर रागावलेली आहे. खांद्यावरून घेतलेला पाइप, त्याच्या तोंडावर दाबलेला अंगठा, आवळलेल्या भुवया आणि सारखे पुटपुटणारे ओठ. ती शिव्या देत नसे. आकडे मोजत असे. लहान कुंडीला पाच, मोठीला दहा. दहा झाले की पुढची कुंडी. चौथीत शाळा सुटलेल्या ह्या बाईनं आयुष्यात जेवढे आकडे म्हटले असतील तेवढे एखाद्या गणिताच्या मास्तरानंही म्हटले नसतील, फक्त ते सगळे दहाच्या आतले होते.

एकतीस वर्षं हे चाललं होतं. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी नवरा गेला आणि ती भावाकडे आली, दोन महिन्यांसाठी म्हणून. भावानं तेव्हा नुकतीच शहराच्या कडेला, गाड्यांच्या गॅरेजांच्या मागे एक पट्टा घेऊन नर्सरी टाकली होती. नर्सरी म्हणजे काय, चाळीस कुंड्या आणि एक बाक. आत्यानं विचारलं, मी काय करू? भाऊ म्हणाला, तू पाणी घाल. त्याला बहुधा त्या दिवसापुरतंच म्हणायचं असेल. पण आत्याला कुणीतरी काहीतरी करायला सांगितलं होतं, आणि त्या दिवसांत तिला तेवढंच हवं होतं. तिनं झारी उचलली ती ठेवलीच नाही. झारीचा पुढे पाइप झाला, चाळीसाच्या चार हजार कुंड्या झाल्या, मागच्या बाजूला तिच्यासाठी एक खोली झाली, आणि ते दोन महिने काही संपले नाहीत.

नर्सरीचं पाणी बोअरचं, आणि भलतंच जड. साबणाला फेस येत नसे. किटलीच्या आत बोटभर पांढरं अस्तर चढे. आत्याचे केस त्या पाण्यानं खराट्यासारखे झाले होते. भाऊ हसायचा. म्हणायचा, "आपल्या पाण्यात निम्मा दगड आहे. झाडं खातात म्हणून बरं, नाहीतर आपल्यालाच खावा लागला असता." आणि मग गंभीर होऊन सांगायचा, "रोज घाल, आणि खालून वाहेपर्यंत घाल. हातचं राखून घातलंस तर हे सगळे क्षार कुंडीतच बसतील आणि मुळं जाळतील." आत्यानं ते पाठ केलं. भाऊ चार वर्षांपूर्वी गेला, पण त्याचं हे वाक्य तिच्या मनगटात राहिलं. रोज, आणि खालून वाहेपर्यंत.

मनगट शाबूत होतं, खांद्याचं मात्र काही खरं नव्हतं. उजवा हात कानाच्या वर जायचा बंद झाला होता. वेणी ती डाव्या हातानं कशीबशी घाली, आणि संध्याकाळी जेवताना घास तोंडाशी नेण्याऐवजी तोंड घासाशी नेई. दमली होती बाई. हाडापर्यंत दमली होती. पण दमलेय असं म्हटलं की लोक बस म्हणतात, म्हणून ती म्हणत नसे.

भावाच्या मागे नर्सरी भाच्याकडे आली. चाळिशी उलटली, कपाळ मागे सरकलं, तरी त्याला अजून सगळे छोटूच म्हणत. छोटू माणूस सरळ, पण घायकुता. गाडी, गिऱ्हाईक आणि फोन ह्या तिघांच्या मागे दिवसभर पळायचा. झाडांचं बघायची त्याची बायको. सूनबाई लग्नाआधी माती तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिच्याकडे पेनासारखं एक मीटर होतं, ते ती जिथेतिथे पाण्यात बुडवून बघायची, आणि एक जाड वही होती, तिच्यात सगळं टिपून ठेवायची. नर्सरीतला कलमवाला, म्हणजे फांद्या कापून कलमं बांधणारा जुना माणूस, मागून म्हणायचा, "हिनं चहातपण मीटर घातलं असेल." एकदा तिनं खरंच घातलं होतं. आत्या त्यावर आठवडाभर हसत होती. दोघींचं तसं बरं होतं. सूनबाई तिला आदरानं वागवी, आत्या तिच्या वहीकडे दुरून बघे, आणि दोघी एकमेकींच्या वाटेत येत नसत.

मग अनंताची मागणी आली. एका नव्या इस्पितळाच्या तीन अंगणांसाठी अनंताच्या सहाशे कुंड्या, एकाच उंचीच्या, गर्द हिरव्या, कळ्या धरलेल्या. एवढी मोठी मागणी नर्सरीला कधी आली नव्हती. इस्पितळाचा बाग बघणारा साहेब येऊन गेला. त्यानं एका पानावरून पांढरा रुमाल फिरवला, रुमाल बघितला, आणि विचारलं, "ही पानं पुसून देणार का?" पानांवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग होते. आत्या ते लिंबू पिळलेल्या फडक्यानं पुसायची, पण सहाशे झाडांची पानं कोण पुसणार?

शिवाय नुसते डाग नव्हते. अनंत हे झाडच नखरेल. त्याला जड पाणी सोसत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. सूनबाईनं हिशेब मांडला, आणि महिन्याभरात पत्र्याच्या शेडमध्ये पाणी शुद्ध करायचं यंत्र येऊन बसलं. निळी नळकांडी, पांढरी टाकी, आणि दिवसभर घुंईं असा आवाज. बोअरचं पाणी आता आधी यंत्रात जायचं, आणि नर्सरीतल्या सगळ्या नळांना यंत्राचंच पाणी यायचं. अनंताच्या चोवीस ओळी घातल्या, ओळीत पंचवीस कुंड्या. त्या आणि नर्सरीतल्या बाकीच्याही प्रत्येक कुंडीत ठिबकची नळी खोचली. दिवसाआड आठ मिनिटं पाणी, सोमवारी पाण्यातून खत. चालू करायला कुणी नको आणि बंद करायलाही कुणी नको.

"आत्या," सूनबाई म्हणाली, "आता तुम्ही बसायचं. खूप केलंत."

ती प्रेमानंच म्हणाली. तिला आत्याचा खांदा दिसत होता.

आत्या बसली. भावाच्या वेळच्या त्याच बाकावर तीन दिवस बसली. पहिल्या दिवशी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं बाकाखालचं गवत उपटलं. तिसऱ्या दिवशी कलमवाला जाता जाता म्हणाला, "काय आत्या, पेन्शन लागली वाटतं?" त्यानं गंमत केली होती, पण आत्याला ते लागलं. रिकामा माणूस कुठे बसतो, कुठे थुंकतो, सगळं लोकांच्या डोळ्यांवर येतं. शिवाय ठिबक बघून तिचा जीव वर-खाली व्हायचा. थेंब, थेंब, थेंब. ह्याला काय पाणी म्हणतात? तिनं अनंताच्या कुंडीत बोट घातलं. वर कोरडं, खाली जेमतेम ओल. आणि खालून वाहायचं तर नावच नाही.

चौथ्या दिवशी दुपारी सूनबाई मुलीला शाळेतून आणायला गेली. छोटू गाडी घेऊन बाहेर. माणसं जेवून जाळीच्या सावलीत आडवी झालेली. आत्या उठली, शेडमागच्या नळाला पाइप लावला आणि अनंताच्या ओळींत शिरली. एक, दोन, तीन, दहा. खालून पाणी वाहिलं तेव्हा तिच्या छातीतलं काहीतरी सैल झालं. तासाभरात तिनं पाइप गुंडाळून जागच्या जागी ठेवला आणि बाकावर येऊन बसली, जणू काही झालंच नाही. खांदा ठणकत होता, पण तीन दिवसांनी पहिल्यांदा तिला गाढ झोप लागली.

त्यानंतर ते रोजचंच झालं. चोरून खाल्लेल्या गुळाची गोडी वेगळी असते, तसंच हे.

चौथ्या आठवड्यात अनंत पिवळा पडायला लागला. खालची पानं आधी, शिरांच्या मधून. मग वरचीही फिकी झाली. कळ्या वाटाण्याएवढ्या होऊन गळायला लागल्या.

सूनबाई सकाळी-संध्याकाळी ओळींतून फिरू लागली. मीटर बुडवायची, वही उघडायची, वही मिटायची. कुंड्यांखालची जमीन ओली दिसते म्हणून तिनं ठिबकचे सांधे तपासले, दोन-चार बदलले. तरी ओल जाईना, म्हणून आठाची सहा मिनिटं केली. खत वाढवलं. यंत्राचं पाणी अगदी रिकामं, त्यात काहीच नसतं, हे तिला माहीत होतं. म्हणूनच तर खतातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ती आधीपासूनच देत होती. वहीप्रमाणे सगळं बरोबर होतं. झाडांप्रमाणे सगळं चुकत होतं.

आणि आत्यानं बघितलं की ठिबक आता सहाच मिनिटं चालतं, म्हणजे पाणी आणखीच कमी. बिचारी झाडं पाण्यावाचून पिवळी पडताहेत, यंत्रानं वाट लावली, असं तिनं मनाशी ठरवलं आणि दहाचे पंधरा केले. एक बाई पाणी कमी करत होती, दुसरी वाढवत होती, आणि मधल्यामध्ये अनंताचं मरण.

आता खरं सांगायचं तर आत्याला ह्या दिवसांत थोडं बरंही वाटत होतं. तिनं ते कबूल केलं नसतं, पण वाटत होतं. कारण माणसं बोलायला लागली होती. कलमवाला चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आत्याच्या हाताला गुण होता. यंत्राला कुठला हात?" गाडीवर माल चढवणारा म्हणाला, "एकतीस वर्षांत एक झाड गेलं नाही." हे साफ खोटं होतं, शेकड्यांनी गेली होती, पण आत्यानं दुरुस्ती केली नाही. तिनं चहाचा कप डाव्या हातात धरला आणि जमिनीकडे बघत राहिली. स्तुती ऐकताना माणूस जमिनीकडेच बघतो.

माल द्यायला तीन आठवडे उरले तेव्हा छोटूचा तोल गेला. शेडच्या दारात तो बायकोवर ओरडला, माणसांसमोर. "तुझ्या वहीत सगळं बरोबर आहे ना? मग ती वहीच पाठवू का इस्पितळात? लाव म्हणावं अंगणात!"

 सूनबाईचे डोळे किती दिवस झोपलेले नव्हते ते दिसत होतं.

छोटूनं मग तिला हाताला धरून ओळींच्या पार टोकाला नेलं. तेवीस आणि चोवीस, शेवटच्या दोन ओळी. तिथला अनंत गर्द हिरवा होता, टपोऱ्या कळ्या धरलेला, असा की साहेबानं रुमाल फिरवलाच असता तर रुमाल हिरवा झाला असता. "बघ," छोटू म्हणाला. "इथे टोकाला तुझं ठिबक नीट पोचत नाही. थेंब कमी पडतो. म्हणजे यंत्राचं पाणी जिथे कमी, तिथे झाडं चांगली. आणखी काय पुरावा पाहिजे?"

"थेंब थोडाच कमी आहे," सूनबाई म्हणाली. "तेवढ्यानं एवढा फरक पडत नाही."

"पडलाय ना पण!"

 ती बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "बोलव यंत्र बसवणाऱ्या मेकॅनिकला. घेऊन जाऊ दे यंत्र. मी उद्यापासून ऑफिसात बसते. झाडांना हात नाही लावणार आता." तिनं मीटर खिशातून काढून वहीत ठेवलं आणि वहीला रबर लावलं.

मेकॅनिक दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला यायचा ठरला. कलमवाला आत्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सुंठीवाचून खोकला गेला. परवापासून पाइप तुमच्या हातात, आत्या."

आत्या जिंकली होती. तिला फक्त गप्प बसायचं होतं.

संध्याकाळी माणसं घरी गेल्यावर, उजेड असताना, ती शेवटच्या ओळींपाशी गेली. का गेली ते तिलाही सांगता आलं नसतं. चांगलं झाड बघावं, डोळ्यांना बरं वाटावं, एवढंच असेल. तेविसाव्या ओळीतली एक कुंडी तिनं डाव्या हातानं उचलून बघितली. हलकी. पण अगदी कोरडी नाही, आत ओल आहे अशी हलकी. मग बाविसाव्या ओळीतली उचलली. ती धोंड्यासारखी जड. दोन्हींच्या मध्ये एका पावलाचं अंतर होतं. ठिबकचा थेंब कितीही कमी असो, एका पावलात कुंडीचं वजन दुप्पट होत नाही.

बाविसाव्या ओळीच्या पलीकडे जमीन कोरडी होती. अलीकडे शेवाळ धरलेलं होतं. मधे रेघ मारल्यासारखी कड होती, आणि ती कड कशाची ते जगात एकाच माणसाला माहीत होतं. तिथे पाइप संपायचा. रोज दुपारी पाइप ताणून ती बाविसाव्या ओळीपर्यंत पोचायची आणि मनात म्हणायची, त्या दोन ओळी बिचाऱ्या राहिल्या, उद्या बघू.

 ती तिथेच, दोन ओळींच्या मधे, जमिनीवर बसली.

स्वयंपाकघरात सूनबाई चहा गाळत होती. आत्या दाराला टेकून उभी राहिली आणि तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, कुंडीला पाणी जास्त झालं, खालून वाहिलं, तर काय बिघडतं? आपण तर कायम वाहू द्यायचो."

सूनबाईनं तिच्याकडे बघितलं नाही. ती दमून गेली होती, पण विचारलेल्याचं उत्तर द्यायची तिला सवय होती. "तेव्हा वाहू द्यायलाच हवं होतं. ते पाणी येताना स्वतःच खूप काही घेऊन यायचं. त्यातलं झाडाला पाहिजे ते झाड घ्यायचं, उरलेलं धुवून काढावं लागायचं. हे पाणी रिकाम्या हातानं येतं. ते वाहून गेलं तर आपण घातलेलं खत घेऊनच जातं." तिनं गाळणीतल्या चोथ्याकडे बोट दाखवलं. "ह्याच्यावर पुन्हा पुन्हा पाणी ओतलं तर चौथ्या वेळी काय उरतं? तसं. म्हणून तर मी मोजून दिवसाआड देते. म्हणजे, द्यायचे." आणि तिनं गाळणी आपटून रिकामी केली.

रिकाम्या हातानं येणारा आणि जाताना डबा भरून नेणारा पाहुणा. आत्यानं असे नातेवाईक बघितले होते. तिनं रोज दुपारी त्याला हात धरून बावीस ओळींत फिरवलं होतं, कुंडीकुंडीला पंधरा आकडे मोजून. भावाचं वाक्य खोटं नव्हतं. ते त्या पाण्याचं वाक्य होतं. पाणी बदललं, वाक्य राहिलं.

तिनं चहा घेतला नाही. खोलीत जाऊन ती भिंतीकडे तोंड करून पडली आणि स्वतःशी वकिली करत राहिली. आपण मुद्दाम केलं का? नाही. यंत्र गेलं तर कुणाचं काय बिघडेल? छोटू ओरडायचा थांबेल. झाडं जुन्या पाण्यावर आली तर आलीच, नाहीतर नाही. सूनबाई ऑफिसात सावलीत बसेल. आणि सांगितलं तर? मग कसला हाताला गुण आणि कसलं काय. मग ती फक्त बाकावर बसलेली एक म्हातारी, जिनं घरची सगळ्यात मोठी मागणी बुडवली. झाडांना पाणी घालते, एवढ्या एका कामाच्या आधारावर ती ह्या घरात एकतीस वर्षं ताठ मानेनं जेवली होती.

सकाळी दहाला मेकॅनिक आला. त्यानं पान्हा काढला, पहिल्या नळकांड्याची चकती सैल केली. छोटू शेजारी कंबरेवर हात ठेवून उभा. सूनबाई ऑफिसच्या खिडकीत, पाठ करून. कलमवाला आणि बाकीची माणसं उगाचच जवळपास घोटाळत होती.

"थांब रे जरा," आत्या म्हणाली.

मेकॅनिकनं छोटूकडे बघितलं. आत्यानं कुणाकडेच बघितलं नाही. ती शेडमागे गेली, पाइप सोडला, नळाला लावला, आणि तो खांद्यावर घेऊन अनंताच्या ओळींत शिरली. नळ बंदच होता. कोरडा पाइप तिच्यामागे मातीतून सरपटत येत होता. पहिली ओळ, पाचवी, दहावी. माणसं तिच्यामागून चालायला लागली, मिरवणूक निघाल्यासारखी. सूनबाईही बाहेर आली होती. विसावी. एकविसावी. बाविसाव्या ओळीशी पाइप ताणला गेला आणि आत्याला हिसका बसून ती थांबली. पाइपचं तोंड हातात धरून ती तशीच उभी राहिली. अलीकडे सगळं पिवळं, पलीकडे हिरवं.

"ह्याच्या पुढे येत नाही," ती म्हणाली.

 कलमवाल्याला सगळ्यात आधी कळलं असावं, कारण तो आपल्या चपलांकडे बघायला लागला.

"रोज?" सूनबाईनं विचारलं.

"रोज. दुपारी. तू शाळेत जातेस तेव्हा."

"किती?"

"कुंडीला दहा मोजेपर्यंत. तू ठिबक कमी केलंस, मग पंधरा."

"आत्या!" छोटूचा आवाज चिरकला. "अगं सहाशे कुंड्या! अगं, तुला बसायला सांगितलं होतं ना? काय कमी केलं होतं आम्ही तुला?" तो पुढेही बोलला असता, पण त्याला एकदम बायकोला काय काय बोललो ते आठवलं असावं. तो तिच्याकडे वळला, तोंड उघडलं, मिटलं, आणि मेकॅनिकला म्हणाला, "बसव ते परत." मग गाडीच्या दिशेनं निघून गेला. माफी मागणं त्याला बापाकडूनही मिळालं नव्हतं.

सूनबाई ऑफिसातून वही घेऊन आली. रबर काढलं. उभ्या उभ्या तिनं तारखा विचारल्या, आत्यानं सांगितल्या, तिनं लिहून घेतल्या. तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि रागाच्या खाली, आत्याला स्पष्ट दिसली ती सुटका होती. आपण वेडे नव्हतो, ही सुटका. आत्याला तिच्यासाठी बरं वाटलं आणि स्वतःची लाज वाटली, दोन्ही एकदमच.

दुपारी माणसं आडवी झाल्यावर सूनबाई बाकावर आत्याशेजारी येऊन बसली. त्या दिवशी मुलीला आणायला छोटू गेला होता.

"मला का नाही सांगितलंत, की तुम्हाला बसवत नाही?"

"तू विचारलंस कुठे. बसा म्हणालीस."

  मग आत्यानं ओच्यातून काहीतरी काढून तिच्या हातात दिलं. नळाची लोखंडी मूठ होती, शेडमागच्या नळाची, तिनं मेकॅनिककडून पान्हा मागून काढून आणलेली.

"ही तुझ्याकडे ठेव. माझा हात आता मला विचारून चालत नाही."

सूनबाईनं ती हातात फिरवली. एवढ्या वर्षांत एका बाजूनं झिजून गुळगुळीत झाली होती. "झाडं येतील सुधारून," ती म्हणाली. "दीड-दोन महिने लागतील." मग थोड्या वेळानं, "मीटर मला पाण्यात काय आहे ते सांगतं. कुंडी जड का हलकी ते नाही सांगत. उद्यापासून रोज सकाळी वीस कुंड्या उचलून मला सांगा. डाव्या हातानं. पाणी घालायचं नाही, फक्त सांगायचं."

"फक्त सांगायचं?"

"फक्त."

"हे घालण्यापेक्षा अवघड आहे गं," आत्या म्हणाली.

तीन आठवड्यांनी इस्पितळाची गाडी आली. सहाशेच्या जागी पन्नास कुंड्या चढल्या, तेविसाव्या-चोविसाव्या ओळीतल्या, आत्याचा पाइप पोचला नव्हता त्या. साहेबानं त्यांच्या पानांवरून रुमाल फिरवला आणि रुमाल घडी घालून खिशात ठेवला. एका अंगणापुरत्या आणखी कुंड्यांसाठी तो दोन महिने थांबायला तयार झाला. बाकीच्या दोन अंगणांचं काम दुसऱ्या नर्सरीकडे गेलं. छोटूनं मान डोलावली. गाडी गेल्यावर तो आत्याच्या समोरूनच ऑफिसात गेला. तो रागावलेला नव्हता, पण थांबलाही नाही.

दुपार झाली. माणसं जाळीच्या सावलीत आडवी झाली, यंत्राचं घुंईं चालू होतं. आत्या बाकावरून उठली ती नेमकी कधी, ते तिचं तिलाच कळलं नाही. शेडमागे आली तेव्हा भान आलं. नळाशी गेलेल्या हाताला मूठ लागली नाही, नुसता चौकोनी खुंट लागला. तिनंच काढून दिली होती. तरी मनगट वळलं, आणि ओठांनी एकपासून सुरुवात केली. आत्यानं अडवलं नाही. दहापर्यंत मोजून होऊ दिलं. मग ती परत आली, आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बाकावर बसली.